गुडघ्यांचे वार

सूचना : प्रत्येक बाईला सर्व प्रश्न याच क्रमाने विचारावेत. मध्येच कोणी बोलू नये.

"मध्येच कोणी बोलू नये, हे कुणासाठी?" धाकट्याने विचारलं.

"तुझ्यासाठी," मधली म्हणाली.

सातशे मुलांची शाळा चालवणारी मुख्याध्यापिका ती. कागद छापून आणल्याशिवाय तिला भावाच्या घरीही धड बोलता यायचं नाही. चौदा प्रश्न, तीन प्रती, प्रत्येक प्रतीला टाचणी. रविवारचे दहा वाजले होते. जेवणाचं टेबल पुसून हॉलच्या मधोमध ओढलं होतं, एका बाजूला तीन खुर्च्या, दुसऱ्या बाजूला एक. आईला पाचवी खुर्ची खिडकीशी दिली होती, पाय पुढे लांब करता यावेत म्हणून. गुडघ्यांसाठी.

उद्या सोमवार होता. हे त्या घरात बुधवारपासून सगळे एकमेकांना सांगत होते. सून रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची. बुधवारी नऊ महिन्यांच्या मुलीला सांभाळणारी बाई तडकाफडकी निघून गेली. गुरुवारी सुनेने रजा काढली, शुक्रवारी कसंबसं भागवलं आणि शनिवारी साहेबांचा निरोप आला : नव्या यंत्राचं काम सोमवारपासून दुसऱ्या कुणाला शिकवू का? शेवटी प्रश्नचिन्ह होतं; पण प्रश्न विचारलेला नव्हता, हे सुनेला वाचताक्षणी कळलं होतं. पाळणाघरात जागा मिळणार होती, पण दोन महिन्यांनी. तेवढ्यापुरती बाई हवी होती. उद्या सकाळी साडेआठला.

"दोन महिन्यांसाठी चौदा प्रश्न," धाकटा म्हणाला. "मी लग्न केलं तेव्हा चार विचारले होते."

"म्हणून तर," सून म्हणाली.

कोणी हसलं नाही. आईला हसू आलं होतं, पण बुधवारपासून तिने हसणं बंद ठेवलं होतं.

प्रश्न १. पूर्ण नाव, वय, राहण्याचे ठिकाण.

पहिली बाई आली ती प्रमाणपत्र घेऊनच. प्लास्टिकमध्ये घालून घेतलेलं. मधलीचा प्रश्न अर्धा व्हायच्या आत तिचं उत्तर पूर्ण व्हायचं. ती गेल्यावर मधलीने शेरा लिहिला, 'ऐकून घेत नाही', आणि धाकटा म्हणाला, "वरचा डावा सुळा बसवलेला आहे. काम मात्र सुरेख." तो दातांच्या कवळ्या बनवायचा, माणूस दारातून आत आलं की तो आधी त्याच्या तोंडात बघायचा.

दुसरी बाई तरुण होती. तीच प्रश्न विचारायला लागली.

"दिवसा घरात कोण असतं?"

"आई असतात," सून म्हणाली.

दुसरीने खिडकीकडे पाहिलं. लांब केलेले पाय पाहिले. "आजी घरात असताना बाई कशाला लागते?"

"त्यांचे गुडघे दुखतात."

"मग मला नको हे काम. राग मानू नका हं. आजी असलेल्या घरी मी घेत नाही. काम बाईचं, नजर आजीची." आणि ती उठून गेलीही. पुढ्यातला चहा तसाच राहिला.

"तोंड बघा," मधली म्हणाली.

"दात चांगले होते," धाकटा म्हणाला.

आई खिडकीबाहेर बघत राहिली. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कोणी गाद्या वाळत घातल्या होत्या. गुडघे दुखायचे, हे काही खोटं नव्हतं. जिना चढताना दुखायचे, थंडीत दुखायचे, त्या वयात जेवढे दुखावेत तेवढे दुखायचे. पण बाळ उचलता येणार नाही एवढे दुखत नव्हते. ते तेवढे दुखायला लागले चौदा महिन्यांपूर्वी, आणि तेही मंगळवारी आणि शुक्रवारी. त्या दिवशी दोन ते पाच आई नदीपलीकडे फिजिओकडे जायची. दोन बस बदलून. घरात त्या दिवसांना 'गुडघ्यांचे वार' म्हणायचे. हे नाव धाकट्याने ठेवलं होतं.

नदीपलीकडे फिजिओ नव्हता. नदीपलीकडे थोरली होती.

प्रश्न २. किती वर्षांचा अनुभव? (खोडून : खरा अनुभव?)

या घरात 'ती' हा शब्द जपून वापरावा लागायचा. तीन वर्षांपूर्वी चाळिशीला आलेल्या, लग्न न केलेल्या थोरल्या लेकीने आपल्याला मूल होणार आहे असं जेवताना सांगितलं. कुणाचं, हे सांगितलं नाही. "माझं," एवढंच म्हणाली. वडिलांनी, नानांनी, हात धुतला आणि सांगितलं, की आजपासून या घरात हिचं नाव निघणार नाही. नाव निघेनासं झालं, तशी थोरलीसाठी एकच शब्द उरला : 'ती'. मग उगीच कोणी 'ती आली होती' म्हटलं, की सगळे दचकायचे. आणि ती म्हणजे इस्त्रीवाली निघायची.

दुसराही एक शब्द मोकळा झाला. थोरलीला दोघं भावंडं 'ताई' म्हणायची. मधली होती 'छोटी ताई'. त्या रात्रीनंतर महिन्याभरात धाकटा मधलीलाच 'ताई' म्हणायला लागला. कोणी ठरवलं नाही. जागा रिकामी झाली आणि मधलीला बढती मिळाली. तिने ती नाकारलीही नाही.

नाना गेले त्या दिवशी थोरली आली होती. धाकट्याने तिला जिन्यातच अडवलं. मधली म्हणाली, "आत्ता नको. लोक आहेत." आई आतल्या खोलीत होती. तिला आवाज ऐकू आला, ओळखू आला, आणि ती उठली नाही.

चार महिन्यांनी तिचे गुडघे दुखायला लागले.

तिसरी बाई बरोबर अकराला आली.

पंचेचाळिशीची, काटकुळी, खांद्याला कापडी पिशवी. दारात चपला काढून कडेला नीट लावल्या. तिने सगळ्यांना एकदा पाहून घेतलं. आईवरून तिची नजर पुढे गेली, थांबली नाही.

"हात कुठे धुऊ?" तिने विचारलं.

सुनेने मधलीकडे पाहिलं. तेवढ्यावरच सुनेचा निर्णय झाला होता. राहिलेले प्रश्न मधलीच्या समाधानासाठी होते.

आईचे लांब केलेले पाय आपोआप जवळ आले. ही मावशी. बोक्याला, थोरलीच्या मुलाला, सांभाळणारी मावशी. गेले चौदा महिने मंगळवारी आणि शुक्रवारी त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घराचं दार हीच उघडायची. "आलात? बोका झोपलाय, हळू," म्हणायची. आईला आल्याबरोबर बिनसाखरेची कॉफी करून द्यायची. आणि आता ती न्हाणीघराकडून ओले हात झटकत आली, समोरच्या खुर्चीत बसली आणि खिडकीपाशी कोणी बसलंच नसल्यासारखी मधलीकडे बघायला लागली.

प्रश्न ३. बाळ रडू लागल्यास सर्वप्रथम काय कराल?

"बघीन."

"काय बघाल?"

"का रडतंय ते. उचलायचं नंतर. उचललं की गप्प होतं आणि मग कारण कळत नाही."

मधलीने हे शब्दाला शब्द उतरवून घेतलं. आतून मुलगी कुरकुरली. सून उठणार, तोच तिसरी म्हणाली, "बघू का?" आणि आत गेली. कुरकुर थांबली नाही, पण तिचा सूर बदलला. दोन मिनिटांनी मुलगी तिच्या कडेवर बसून बाहेर आली आणि सगळ्यांकडे, आपण बोलावलेल्या सभेला हे सगळे आलेत, अशा थाटात बघायला लागली.

"झोपेला आलीय. पण झोपायचं नाहीये," तिसरी म्हणाली.

"बापावर गेलीय," सून म्हणाली. या वेळी मधलीसुद्धा हसली.

आई हसली नाही. आई मोजत होती. तीन झाले. मधलीने सकाळी कागद दाखवला होता तेव्हा तिने सगळे प्रश्न वाचून घेतले होते, म्हणजे सुनेकडून वाचून घेतले होते, कारण वाचायचा चष्मा तिच्याकडे नव्हता. चौदावा तिला पाठ होता. आधीच्या घरचा फोन नंबर. शेवटी कंसात : लगेच लावून खात्री करावी.

प्रश्न ४, ५. ताप, पडणे, गिळणे. (एकत्र विचारावेत.)

चष्म्याचंही सांगायलाच हवं, कारण सगळं त्यावरूनच झालं.

मंगळवारी आईने तो थोरलीच्या घरी फ्रीजवर ठेवला. बोका हाताशी येईल ते तोंडात घालायचा, म्हणून उंच ठेवला आणि विसरली. बुधवारी सकाळी इथे चष्मा सापडेना. आईला दहाच मिनिटांत आठवलं, कुठे आहे ते. पण तोवर शोधाशोध सुरू झाली होती. धाकट्याने सोफा सरकवला. सुनेला कामाला जायची घाई. ती वैतागून सांभाळणाऱ्या बाईला म्हणाली, "चुकून तुमच्या पिशवीत तर नाही ना गेला?" बाईने पिशवी पुढे केली. सुनेने ती उघडून पाहिली. खरंच पाहिली, डब्याखाली हात घालून पाहिली.

आई याच खुर्चीत बसली होती.

"दुसऱ्याच्या डोळ्यांचा चष्मा घेऊन मी काय करू?" बाई म्हणाली. मग तिने पिशवी बंद केली, मुलीला गादीवर ठेवलं, आणि "असलं ऐकून घ्यायला येत नाही मी," म्हणून निघून गेली. जाताना तिने आईकडे एकदा पाहिलं. तिला काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. नुसतंच पाहिलं.

दुपारी आईने थोरलीला बोलून निरोप टाकला : इथली बाई सोडून गेली. शुक्रवारी जमणार नाही. आईच्या फोनमध्ये थोरलीचं नाव 'फिजिओ' होतं. शुक्रवारी फिजिओचा दोनदा फोन आला. पण मधली अर्धा दिवस शाळा टाकून मदतीला आली होती आणि शेजारीच बसली होती. "घे की," मधली म्हणाली. "वेळ विचारत असतील," आई म्हणाली आणि फोन उशीखाली सरकवला. शनिवारी घर भरलेलं. मंगळवारी जाईनच, असं तिने मनाशी धरून ठेवलं.

प्रश्न ६. आधीच्या घरी कोण कोण होते?

"बाई आणि त्यांचा मुलगा. अडीच वर्षांचा."

"आणि मुलाचे वडील?"

"नव्हते."

"वारले?"

"नव्हते," तिसरी पुन्हा म्हणाली. मुलीने तिच्या पिशवीचा बंद तोंडात घातला होता. तिने तो काढून घेतला आणि हातात आपलं बोट दिलं.

मधलीचं पेन क्षणभर थांबलं. धाकट्याने दातांवरून जीभ फिरवली. या घरात अशी गोष्ट आली की सगळे असेच थांबायचे, रस्त्यात खड्डा दिसल्यासारखे, आणि मग बाजूने जायचे. मधली बाजूने गेली.

प्रश्न ७. आधीचे काम का सोडले?

"मी नाही सोडलं. बाई गेल्या."

"कुठे?"

"बदली मागून घेतली. लांब. सामान गुरुवारीच गेलं, काल सकाळी दोघं गेली. मुलगा जाताना फार रडला हो. मी आधी बघितलं, का रडतोय." तिसरी थांबली. "कारण कळलं, पण करण्यासारखं काही नव्हतं."

आईने खिडकीच्या चौकटीवर हात ठेवला.

खोकी. मंगळवारी त्या घरात खोकी होती. थोरली कपाटं आवरतेय असं आईला वाटलं होतं. तिने स्वतःच बोक्याचे लहान झालेले कपडे घड्या घालून एका खोक्यात भरले होते, वर म्हणाली होती, "बरं झालं काढलेस, किती पसारा." निघताना थोरली दारात म्हणाली, "शुक्रवारी जरा लवकर ये आई. बोलायचंय."

"आई, पाणी देऊ का?" सुनेने विचारलं. "चेहरा कसा झालाय."

"गुडघा," आई म्हणाली. सवयीने.

तिसरीने पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं आणि मग नजर मुलीकडे वळवली.

प्रश्न ८. (वगळला. वेळ कमी.)

प्रश्न ९. आधीच्या घराबद्दल काही तक्रार?

"एका घरचं दुसऱ्या घरी नेत नाही मी. तुमचंही नेणार नाही."

मधलीने पेन खाली ठेवलं. इतक्या वर्षांत शिक्षक नेमताना तिला असं उत्तर मिळालं नव्हतं. "हे बरं आहे," ती म्हणाली. "या घरात असलं माणूस हवंच."

"तुझ्या शाळेत ने मग," धाकटा म्हणाला. "ताई, पुरे ना आता. ठेवून घेऊ यांना. मुलगी बघ, झोपली."

खरंच झोपली होती. तिसरीच्या खांद्यावर तोंड उघडं टाकून.

"दहा ते तेरा सोडते. प्रश्न चौदा राहिलाय."

"सोडा ना, ताई," सून म्हणाली. "मला पटलंय."

"पटणं वेगळं आणि खात्री वेगळी. बुधवारी तुलाही वाटलंच होतं ना, चष्मा बाईनेच घेतला असेल?"

सुनेचा चेहरा उतरला.

अकरा वाजल्यापासून आई या प्रश्नाला भीत होती. त्याला थांबवण्याचं एक वाक्य तिने तयार ठेवलं होतं : नको बाई कुणी, मीच सांभाळते. ते म्हटलं असतं तर कागद मिटला असता, फोन लागला नसता, आणि मंगळवार-शुक्रवारही संपले असते. म्हणून वाक्य अडकून बसलं होतं. आता मंगळवार-शुक्रवार तसेही संपले होते. आता वाक्य म्हणायला हरकत नव्हती. एक श्वास घेऊन म्हटलं की झालं.

पण त्या नंबरावर आवाज होता. कालपासून कुठे आहे ठाऊक नसलेला आवाज.

आई गप्प बसली.

प्रश्न १४. आधीच्या घरचा फोन नंबर. (लगेच लावून खात्री करावी.)

तिसरीने नंबर पाठ सांगितला, पण त्याआधी थोडी थांबली. आईसाठी थांबली, हे फक्त आईला कळलं. मधलीने फोन लावून टेबलावर मधोमध ठेवला, स्पीकरवर, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून. तीन वर्षांत थोरलीने नंबर बदलला होता. तो या टेबलावर कुणाच्या ओळखीचा नव्हता.

"हॅलो?"

मधलीने श्वास घेतला तो सोडला नाही. मग तिने शाळेतला आवाज काढला.

"नमस्कार. आम्ही बाळ सांभाळायला बाई बघतोय. तुमच्याकडे काम केलेल्या बाई आल्या आहेत. थोडी चौकशी करायची होती."

पलीकडे कुणी लहान मूल डबा वाजवत होतं.

"विचारा," आवाज म्हणाला.

"तुमचं नाव? कागदावर लिहायचंय."

"रिकामं ठेवा. तुम्हाला सवय असेल."

धाकट्याने टेबलाची कड धरली. सून त्याच्याकडे बघत होती. तिला कळत नव्हतं. ती या घरात आली त्याच्या आधीच ते नाव पुसलं गेलं होतं आणि तो आवाज तिने कधी ऐकलाच नव्हता.

"स्वभाव कसा आहे यांचा?" मधली विचारत होती. ती सोडणार नव्हती. प्रश्न कागदावर होता.

"शांत. हात स्वच्छ. मुलाला खोटं सांगत नाही. 'बाबा आत्ता येईल' वगैरे."

"वेळेवर येतात?"

"अडवलं नाही तर येतात."

"ताई…" धाकट्याच्या तोंडून निघून गेलं.

"काय रे?" मधली म्हणाली.

"काय रे?" फोन म्हणाला.

दोन्ही आवाज एकाच वेळी आले, एकाच सुरात, एकाच घरात वाढलेले. पलीकडचा डबा थांबला.

सुनेने हळूहळू सगळ्यांकडे पाहिलं. नवऱ्याकडे, नणंदेकडे, फोनकडे. सगळ्यात शेवटी सासूकडे, आणि तिथे ती थांबली.

"आई आहे का तिथे?" थोरलीने विचारलं. आता आवाज परका नव्हता, नुसता दमलेला होता. "आई, शुक्रवारी दोनदा फोन केला. सांगायचं होतं, नाही जमलं. तुझा निरोप आला की बाई गेली, म्हणून मावशीला मीच पाठवलं तुमच्याकडे. चांगली आहे. आणि तुझा चष्मा फ्रीजवर राहिला होता. तिच्याकडे दिलाय."

"कुठे गेलीस?" आई म्हणाली. इतक्या हळू, की फोनपर्यंत ते पोचलंच नाही. फोन टेबलावर होता आणि आई खिडकीशी, गुडघ्यांसाठी दिलेल्या खुर्चीत.

"ठेवते," थोरली म्हणाली. "खात्री झाली असेल."

तिसरीने झोपलेल्या मुलीला न हलवता एका हाताने पिशवीत चाचपलं. चष्म्याचं तपकिरी घर काढलं आणि प्रश्नपत्रिकेवर ठेवलं.

प्रश्न नाही. (मध्येच कोणी बोलू नये.)

"मंगळवार-शुक्रवार," धाकटा म्हणाला. "चौदा महिने. वर 'गुडघ्यांचे वार' म्हणून मी चेष्टा करतोय! आई, नानांनी सांगितलं होतं ना तुला?"

"नानांनी तुलाही सांगितलं होतं, सिगरेट सोड म्हणून," आई म्हणाली.

"विषय बदलू नकोस."

"तू तिला जिन्यात अडवलंस."

"आणि तू आत बसून राहिलीस," मधली म्हणाली. ती रडत नव्हती. "आम्ही वाईट झालो, आई. तुम्ही दोघांनी सांगितलं म्हणून झालो. आणि तू आठवड्यातून दोनदा जाऊन चांगली होऊन येत होतीस. मला एकदा तरी सांगायचंस. मी आले असते की नाही, ते मी ठरवलं असतं."

मधलीला सांगावं, असं आईला एकदाही वाटलं नव्हतं, हे तिच्या आत्ता लक्षात आलं.

सून उठली. तिने चष्म्याचं घर उचललं, उघडलं, पाहिलं आणि परत ठेवलं.

"बुधवारी मी त्या बाईची पिशवी उघडली," ती म्हणाली. "डब्याखाली हात घातला. तुम्ही बघत होतात, आई."

"हो."

"तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

"मी गेले नऊ महिने लोकांना सांगतेय, की सासूबाईंना होत नाही. डॉक्टरांना सांगितलं. साहेबांना सांगितलं. रात्री तुमचे गुडघे मी शेकून दिलेत." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "ताईंचं, त्यांचं, तुमचं काय ते तुमचं. तीन वर्षांचं असो नाहीतर तीस. मला उद्या साडेआठला निघायचंय. कोण सांभाळणार, तेवढं सांगा."

सगळ्यांनी तिसरीकडे पाहिलं. ती तशीच बसली होती, एका खांद्यावर मुलगी, दुसऱ्यावर पिशवी.

"मी येईन," ती म्हणाली. "मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी जमणार नाही. त्या दोन दुपारी मला दुसऱ्या एका घरी म्हातारबांना बघायचंय, शब्द दिलाय. आणि माझाही एक प्रश्न आहे."

मधलीने सवयीने पेन उचललं.

"या घरात काही हरवलं, तर आधी कुणाला विचारता?"

धाकटा सोफ्याकडे बघायला लागला. सुनेने ओठ आवळले. उत्तर तिने द्यायचं होतं.

"मला," आई म्हणाली. "आधी मला विचारायचं."

तिसरीने मान हलवली. "मग येते उद्या. सव्वाआठला." तिने मुलीला आत नेऊन झोपवलं, बाहेर आली, दारातल्या चपला घातल्या आणि गेली. आईकडे तिने पाहिलं नाही. एका घरचं दुसऱ्या घरी न नेणारी बाई होती ती.

"मंगळवार-शुक्रवार दुपारचं काय?" धाकट्याने विचारलं.

"आई आहेत की," सून म्हणाली. "आता तर मोकळ्या आहेत."

शेरा.

मधली कागद आवरत होती. पहिल्या दोन प्रती फाडून झाल्या. तिसरी प्रत तिने पुढ्यात घेतली. 'माहिती देणाऱ्या व्यक्तीचे नाव' ही ओळ तेवढी कोरी होती. मुलांनी उत्तरपत्रिकेत जागा कोरी सोडली की ती लाल गोल करायची. तिने पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. मग कागद तसाच आईकडे सरकवला.

आईने चष्मा घातला. डाव्या काचेवर एक लहानसा, चिकट बोटाचा ठसा होता. त्या ठशातून ओळ अर्धीच दिसत होती. तिने काच पुसली नाही. तीन वर्षं न काढलेलं नाव तिने त्या ओळीवर लिहिलं, आडनावासकट, आणि कागद परत सरकवला. मधलीने तो वाचला. टाचणी नीट केली. कुणीही ते नाव मोठ्याने म्हटलं नाही.

आत मुलगी रडायला लागली.

सून उठली नाही. हाताची घडी घालून ती आईकडे बघत राहिली. धाकटाही उठला नाही. खिडकीपासून आतल्या खोलीचं दार दहा पावलांवर होतं. नाना गेले त्या दिवशी, आतल्या खोलीतून जिनासुद्धा एवढाच लांब होता.

आईने खुर्चीच्या हातांवर जोर दिला आणि ती उठली. तिचा उजवा गुडघा कटकन वाजला, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा. आणि एक कळ मांडीपर्यंत गेली, खरीखुरी.

कोणी वर पाहिलं नाही.